कोकणातल्या गाडीत बूफरचा बॉक्स: लाकूड आवाजासाठी नव्हे, पावसासाठी निवडा

गाडीत सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर, आपल्या भाषेत बूफर, बसवायचा ठरला की पहिला सल्ला ठरलेला असतो: एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची थापलेली फळी) घे, अठरा एमएमचा, बाकी कशाचा विचार करू नकोस. सल्ला चुकीचा नाही. जगभरात बहुतेक बॉक्स एमडीएफचेच होतात आणि छान वाजतात. पण हा सल्ला ज्या कोरड्या मुलखांतून आपल्यापर्यंत आला, तिथे चार महिने कपडे वाळत नाहीत अशी परिस्थिती नसते. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवरून खाली यायला तयार नसते. उरलेले आठ महिने खारा वारा आहेच. म्हणून कोकणात बॉक्सचं लाकूड निवडताना प्रश्नच वेगळा विचारायला हवा. कोणतं लाकूड चांगलं वाजतं, हा तो प्रश्न नाही. तीन पावसाळ्यांनंतर कोणतं लाकूड आज आहे तसंच राहील, हा आहे.

हे नीट समजायचं तर बॉक्स नेमकं काय काम करतो ते आधी पाहू.

स्पीकरचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा त्याचा शंकूसारखा पडदा, पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची त्याच क्षणी विरळ होते. म्हणजे पुढून निघणारी लाट आणि मागून निघणारी लाट एकमेकींच्या बरोबर उलट असतात. बारीक, उंच आवाजांत याने फारसं बिघडत नाही. पण ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चाळीस कंपनांच्या बेसची लाट साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे आख्ख्या गाडीपेक्षा मोठी. मागची लाट सहज वळसा घालून पुढे येते आणि पुढचीला खाऊन टाकते. बूफर नुसता हातात धरून वाजवला तर कोन जोरजोरात हलताना दिसतो, पण बेस मात्र ऐकू येत नाही, त्याचं कारण हेच. बॉक्स मागची लाट कोंडून ठेवतो. बंद बॉक्समध्ये ती आतच राहते. पोर्टवाल्या बॉक्समध्ये ती ठरावीक मापाच्या नळीतून अशा बेताने बाहेर काढली जाते की ती पुढच्या लाटेला मदत करेल. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित मांडलं. बूफरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे जे आकडे छापलेले असतात, ते याच दोघांच्या नावाने ओळखले जातात. बॉक्स किती लिटरचा हवा, हे त्या आकड्यांवरून ठरतं.

आता कोंडलेली हवा गप्प बसत नाही. बारा इंची बूफरच्या कोनाचं क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर धरा. तो एक सेंटिमीटर आत गेला की अर्धा लिटर हवा दाबली जाते. बॉक्स २८ लिटरचा, म्हणजे एक घनफुटाचा असेल तर आतला दाब सुमारे २,५०० पास्कलने वाढतो. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण बॉक्सची एक बाजू ३५ बाय ३५ सेंटिमीटरची असेल तर त्या फळीवर तीसेक किलोचा जोर येतो. तो सुद्धा एका जागी ठेवलेल्या वजनासारखा शांत नाही. सेकंदाला चाळीस वेळा बाहेर ढकलणारा आणि चाळीस वेळा आत ओढणारा. फळी या जोराने वाकली की कोनाची मेहनत फळी हलवण्यात वाया जाते, बेस ढिला होतो आणि जोड हळूहळू सुटायला लागतात.

म्हणून बॉक्सच्या फळीकडून तीनच अपेक्षा आहेत. ती वाकू नये, तिच्यातून किंवा तिच्या सांध्यातून हवा जाऊ नये, आणि आपण ठरवलेलं माप तिने वर्षानुवर्षं सोडू नये.

वाकण्याचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १८ घेतली तर जाडी दीडपट, पण ताठपणा जवळजवळ साडेतीनपट. १८ ची २५ केली तर आणखी पावणेतीनपटीच्या आसपास. दुसरा उपाय याहून स्वस्त आहे: आत आधाराची पट्टी देणं. समोरासमोरच्या दोन फळ्या मधोमध एका आडव्या पट्टीने बांधल्या की मोकळं अंतर निम्मं होतं, आणि अंतर निम्मं झालं की वाक हिशेबाने सोळाव्या हिश्शावर येतो. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच तयार बॉक्समध्ये ही पट्टी नसते. उरलेल्या तुकड्यातून निघणारी फूटभर पट्टी, दोन टोकांना गोंद, इतकंच काम असतं. बॉक्स बनवून घेताना मिस्त्रीकडे हिचा आग्रह धरा.

इथे एक समज दूर करायला हवा. आपल्याकडे भजनी मंडळात, दशावतारात वाढलेल्या माणसाला लाकडाचा नाद कळतो. पखवाजाचं खोड कशाचं, तबल्याचं कशाचं, यावर इथे तासभर बोलणं होऊ शकतं. त्यामुळे बूफरच्या बॉक्सलाही 'नादाचं लाकूड' लागत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण पखवाजाच्या लाकडाने बोलायचं असतं. बॉक्सच्या लाकडाने तोंड बंद ठेवायचं असतं. बॉक्समधून येणारा आवाज कोनाचा आणि पोर्टचा. फळीने त्यात काही मिसळलं तर तो दोषच.

आणि बूफरच्या बाबतीत फळी मिसळते तरी किती? प्रत्येक फळीची स्वतःची एक थरथर असते. अठरा मिलिमीटरची, ३५ सेंटिमीटर चौरस एमडीएफची फळी कडांना घट्ट जोडलेली असेल तर ती थरथर ३०० हर्ट्झच्या आसपास किंवा वरच येते. बूफरला आपण अॅम्पवरून (अॅम्प्लिफायरवरून) ८० हर्ट्झच्या वर जाऊच देत नाही. म्हणजे ज्या स्वरांत फळी गुणगुणू शकते, तिथे बूफर वाजतच नाही. घरातल्या मोठ्या, सगळे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरसाठी लाकडाच्या स्वभावावर वाद घालण्याला अर्थ आहे. गाडीतल्या बूफरसाठी तसा अर्थ नाही. एकाच मापाचे, सारख्याच घट्ट जोडाचे दोन बॉक्स केले, एक चांगल्या एमडीएफचा आणि एक चांगल्या प्लायचा, तर डोळे मिटून फरक ओळखता येईल असं मला वाटत नाही. फरक पडतो तो श्रावणात.

लाकूड हवेतून पाणी घेतं आणि हवेला परत देतं. हवा चाळीस टक्के आर्द्रतेची असेल तर लाकडात सात-आठ टक्के पाणी राहतं. नव्वद टक्क्यांच्या हवेत महिनोन्महिने ठेवलं तर ते वीस टक्क्यांपर्यंत जातं. वीसच्या पुढे गेलं की बुरशीला आमंत्रण. हे सगळं एक थेंबही अंगावर न पडता होतं. डिक्कीत तर थेंबही पडतात: ओल्या छत्र्या, रेनकोट, गळक्या रबर बीडिंगमधून येणारी धार. हर्णैच्या लिलावातून मासळी आणणाऱ्या गाडीत बर्फाचं खारं पाणी सांडतं ते वेगळंच. मे महिन्यात उन्हात उभी केलेली तीच गाडी आतून इतकी तापते की हात ठेववत नाही. सादळणं आणि भाजणं, दर वर्षी आलटून पालटून. घरातल्या कपाटालाही इतका छळ नसतो.

एमडीएफला या छळात काय होतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. तीन-चार पावसाळे काढलेला, वरून कार्पेट चिकटवलेला बॉक्स डिक्कीतून काढून उलटा करा. तळाकडची कार्पेट ओढली की ती फळीचा वरचा पापुद्रा घेऊनच निघते. खालची कड, जी मुळात १८ मिलिमीटरची सरळ धार होती, ती ओठासारखी बाहेर फुगलेली असते; मधून चिरते आणि तंतू केसाळ होऊन सुटे होतात. स्क्रूला पेचकस लावला तर तो जागच्या जागी फिरतो, पकड उरलेलीच नसते. बाहेर ओढला तर त्याच्याभोवती तांबूस गंजाचा भुगा. वरची फळी, बाजूच्या फळ्या अजून ठणठणीत असतील, पण तळाच्या सांध्यातून हवा जायला लागलेली असते. मालक मात्र 'बूफर थकला' म्हणून नवा बूफर घ्यायला निघालेला असतो.

असं का होतं? एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात मिसळून, गरम दाबाने थापलेली फळी. दाबलेल्या तंतूंना पाणी मिळालं की ते मूळ आकाराकडे उसळतात आणि त्यांना धरून ठेवणारा गोंद सुटतो. वाळल्यावर पाणी जातं, पण फुगवटा तसाच राहतो. सपाट पृष्ठभाग घट्ट असल्याने तिथून पाणी सावकाश शिरतं. कापलेली कड मात्र सरळ पिते. त्यात साध्या एमडीएफमधला युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद उष्णता आणि दमट हवा एकत्र आली की कमकुवत होतो. नव्या एमडीएफला जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो याच फॉर्माल्डिहाइडचा. काचा बंद असलेल्या तापलेल्या गाडीत तो जास्त सुटतो, म्हणून एमडीएफ घेणारच असाल तर ई-१ दर्जाचा किंवा त्याहून कमी वास सोडणारा मागा, आणि आतून-बाहेरून रंगवल्याशिवाय डिक्कीत ठेवू नका.

एमडीएफचे गुण मात्र खरे आहेत. तो सगळीकडे सारखा असतो, आत गाठ नाही, पोकळी नाही. राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने गोल भोक कापलं तर कड काचेसारखी निघते. घनता साधारण ७५० किलो प्रति घनमीटर, त्यामुळे जड आणि गप्प. मापाला खरा: अठरा म्हणजे अठराच. सांगली-कोल्हापूरकडच्या कोरड्या भागात राहणाऱ्या मित्राने विचारलं तर मी त्याला एमडीएफच सांगेन.

याच घराण्यातला एचडीएचएमआर हा बोर्ड गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या दुकानांत सगळीकडे दिसायला लागला आहे. तंतूंचीच फळी, पण जास्त दाबाची, ८५० च्या आसपास घनतेची, आणि ओलाव्याला टिकणाऱ्या गोंदाची. स्क्रूची पकड एमडीएफपेक्षा चांगली. दमट हवेत तो बराच काळ माप सोडत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: ओलावा सहन करणं वेगळं आणि पाण्यात राहणं वेगळं. तळाशी पाणी साचून राहिलं तर तो सुद्धा कडेने फुगतो. कडा नीट सील करणारा माणूस असेल तर हा पर्याय मला पसंत आहे. वजनाची तयारी ठेवा. आठ बाय चारची १८ मिलिमीटरची शीट ४५ किलोपर्यंत भरते. आणि कापताना कार्बाइडचं पातं लागतं, साधं पातं लगेच बोथट होतं. धूळ अतिशय बारीक असते, तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, नीट मास्क हवा.

आता प्लाय. कोकणासाठी माझी पहिली निवड हीच, पण 'प्लाय' म्हटलं की दुकानदार जे काढून देईल ते नव्हे.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने फुगतं. थर आलटून पालटून आडवे-उभे असल्याने प्रत्येक थर शेजारच्याला फुगू देत नाही. म्हणून पावसाळ्यात प्लायच्या फळीचं माप बदलतं ते नगण्य. सारख्याच जाडीच्या एमडीएफपेक्षा ती ताठही असते आणि हलकीही. हा फायदा टिकणार की नाही, हे मात्र थरांमधला गोंद ठरवतो.

बाजारात तीन शिक्के दिसतात. एमआर, म्हणजे नुसता ओलावा सहन करणारं. यात युरियाचा गोंद असतो. नाव ऐकून फसू नका, कोकणातल्या डिक्कीसाठी ते पुरत नाही. बीडब्ल्यूआर त्याच्या वरचं, फिनॉलचा गोंद असलेलं. ही दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात. आणि तिसरं मरीन प्लाय, आयएस ७१०. याच्या नमुन्याला कसोटीत ७२ तास उकळत्या पाण्यात काढावे लागतात आणि थर सुटता कामा नयेत. किमतीत फरक आहे, पण एका बॉक्सला अर्ध्या शीटच्या आत-बाहेर माल लागतो. त्या अर्ध्या शीटमध्ये वाचवलेले पैसे बूफर आणि अॅम्पच्या किमतीपुढे काहीच नाहीत. नुसतं '७१०' असं रंगाने छापलेलं आणि आयएसआयची खूण नसलेलं प्लायही विकलं जातं. खूण असेल तर तिच्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या अॅपवर तो टाकून पाहता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

शिक्का बघून झाला की कड बघा. शीट उभी करून उजेडात तिच्या कडेवरून नजर फिरवा. थर सारख्या जाडीचे, एकमेकांना चिकटून, सरळ चालत गेलेले हवेत. मध्येच काळी फट दिसली, किंवा एक थर दुसऱ्यावर चढलेला दिसला, तर आतही तसंच आहे असं धरा. बॉक्सच्या दृष्टीने ही पोकळी सगळ्यात वाईट. एक तर ती दाबाखाली खडखडते. दुसरं, बूफरचं भोक नेमकं त्या पोकळीवर आलं तर हवा थरांच्या आतून प्रवास करून भलतीकडेच बाहेर पडते, आणि गळती सापडता सापडत नाही. मग बोटाच्या पेराने शीटवर वीतभर अंतराने ठोकत जा. भरीव जागेचा आवाज आखूड आणि टणक. पोकळ जागा आली की तो पसरतो. हा नाद ओळखायला मात्र आपला पखवाज ऐकलेला कान उपयोगी पडतो.

थर जितके जास्त तितकी शीट भरवशाची. युरोपातलं बर्चचं प्लाय १८ मिलिमीटरमध्ये तेरा थरांचं असतं, म्हणून ऑडिओवाले त्याच्या प्रेमात असतात. आपल्याकडे ते छोट्या शहरांत सहज मिळत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. यमुनानगरहून किंवा केरळातल्या पेरुंबावूरहून येणाऱ्या मालातही गर्जन किंवा निलगिरीच्या गाभ्याचं, जड, भरीव प्लाय चांगलं निघतं. पॉपलरच्या गाभ्याचं हलकं प्लाय फर्निचरच्या दारांना ठीक, बॉक्सला नको. जाडी मात्र व्हर्नियर कॅलिपरने मोजा. अठरा म्हणून दिलेली शीट साडेसोळा-सतराची भरणं नवलाचं नाही. घनाचं गणित आठवा: एका मिलिमीटरच्या कमतरतेने ताठपणा सोळा टक्के घटतो.

'घरचंच लाकूड आहे की' हा कोकणातला खास मोह. वाशाचा जुना साग, परड्यातला पाडलेला फणस, आंब्याच्या फळ्या. या लाकडांवर माझं मनापासून प्रेम आहे आणि म्हणूनच सांगतो, ती बॉक्समध्ये घालवू नका. अखंड लाकूड आडव्या दिशेने हलतंच. साग हा त्यातल्या त्यात शांत. तरीही सपाट चिरलेल्या सागाची ४० सेंटिमीटर रुंद फळी दहा टक्के ओलाव्यावरून अठरावर गेली तर ती जवळजवळ सहा मिलिमीटर रुंद होते. चारी बाजूंनी गोंदाने जखडलेल्या बॉक्सला ते सहा मिलिमीटर सामावायला जागा नसते. मग एक तर फळी चिरते किंवा सांधा उघडतो. आंबा, फणसही हलतातच. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा हलका आणि मऊ, त्याचं काम वेगळं. घरचा सागच वापरायचा असेल तर बाहेरून दिसणारी पातळ पट्टी, किंवा बूफरभोवतीची शोभेची कड करा. आतली ताकद प्लायची राहू द्या.

याच्या उलट दुसरा मोह नवा आहे. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांसाठी सुतार हल्ली डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसीचा बोर्ड सुचवतात: पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सिंकखालच्या कपाटाला त्याहून चांगलं काही नाही. पण हा फेसाळ प्लॅस्टिकचा बोर्ड आहे. एमडीएफच्या मानाने तो खूपच लवचिक, त्यामुळे तीस किलोच्या त्या धक्क्याखाली वाकतो. तापलेल्या गाडीत आणखी मऊ पडतो. सुतारी गोंद त्याला धरत नाही, वेगळा सॉल्व्हंट लागतो. पाण्याचा प्रश्न सुटतो आणि बॉक्सचं मूळ कामच हातचं जातं. सुताराने कितीही आपुलकीने सांगितलं तरी याला नाही म्हणा.

पार्टिकल बोर्ड भुश्याचा, स्क्रू धरत नाही आणि सादळला की बिस्किटासारखा तुटतो. ब्लॉकबोर्डच्या पोटात पट्ट्यांच्या मध्ये फटी असतात. सनमायका आधीच लावलेल्या फळीला गोंद चिकटत नाही. या तिन्हींवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नये.

जाडी ठरली की माप पुन्हा तपासा, कारण इथे बरेच जण चुकतात. बाहेरून ४० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरचा बॉक्स म्हणजे ४८ लिटर. १८ मिलिमीटरच्या फळीने आत उरतात ३५. तीच फळी २५ ची केली तर साडेतीस. यातून बूफरचा स्वतःचा दोन-तीन लिटरचा गठ्ठा, आतल्या पट्ट्या आणि पोर्ट असेल तर तोही वजा करायचा. बूफरच्या कागदावर दिलेले लिटर हे ही सगळी वजाबाकी झाल्यानंतरचे, आतले लिटर असतात. बारा इंचापर्यंतच्या नेहमीच्या बूफरला १८ मिलिमीटर आणि आत एक पट्टी पुरते. समोरची फळी, जिच्यावर बूफर टांगलेला असतो, ती मात्र दोन थर चिकटवून ३६ ची करावी.

जोड गोंद धरतो. स्क्रूचं काम गोंद वाळेपर्यंत फळ्या दाबून ठेवणं इतकंच. म्हणून गोंद कंजूषपणे लावू नका, दाबल्यावर सांध्यातून सलग रेघ बाहेर यायला हवी. साधा पांढरा सुतारी गोंद पाण्यात मऊ पडतो, तेव्हा पाण्याला टिकणारा, मरीन प्रकारचा घ्या. फळी एमडीएफची असो वा प्लायची, आधी बारीक ड्रिल मारून मगच स्क्रू. जिप्समच्या छताला वापरतात ते काळे स्क्रू आपल्या हवेत वर्षभरात गंजतात. स्टेनलेस घ्या, किनाऱ्यालगत राहणाऱ्याने जमल्यास ३१६ या दर्जाचे. बूफर बसवायला लाकडात थेट स्क्रू न मारता मागून टी-नट (लाकडात रुतणारा दातेरी नट) ठोकून बोल्ट लावा, म्हणजे दहा वेळा काढला-लावला तरी भोक सैल होणार नाही. आतल्या सांध्यांना सिलिकॉन फिरवताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको, ते तांब्याची वायर आणि टर्मिनल खातं. न्यूट्रल लिहिलेलं मागा.

सील करणं हे कोकणातल्या बॉक्सचं निम्मं काम आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं. आतली बाजू दिसत नाही म्हणून कोरी सोडतात. मग बाहेरची बाजू रंगाने बंद आणि आतली हवेला उघडी, असं झालं की फळी एकाच बाजूने पाणी पिते आणि कमान घेते. दोन्ही बाजूंना सारखे हात द्या. कापलेल्या कडांना, बूफरच्या भोकाच्या आतल्या कडेला, वायरच्या भोकालाही. पहिला हात पातळ करून, म्हणजे तो आत मुरेल. तो वाळला की पॉलिश पेपर मारून दुसरा, कडांना तिसरा. पीयू (पॉलियुरेथेन) चालतं, इपॉक्सी सगळ्यात उत्तम.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे जी घाटावर नाही. फायबरच्या होड्या बांधणारे, दुरुस्त करणारे कारागीर बहुतेक प्रत्येक मोठ्या बंदरावर सापडतात. बॉक्सचा तळ आणि खालच्या चार बोटं उंचीपर्यंतच्या बाजू त्यांच्याकडून फायबरची मॅट आणि रेझिनने मढवून घ्या. जे मढवण होडीला समुद्रात टिकतं त्याला डिक्कीतलं पाणी काय करणार. लाकूड कोरडं आणि कोरं असतानाच हे करायचं, रंगावर रेझिन धरत नाही. स्वतः करणार असाल तर एक गोष्ट जिवावरची आहे: कोबाल्टचा ॲक्सलरेटर आणि हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडू शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण घोटायचा, मगच दुसरा. काम उघड्यावर करा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय बूफर बसवू नका.

कार्पेट लावायची तर तीन बाजूंना आणि वर लावा, तळाला नको. तळाची कार्पेट पाणी धरून ठेवते. तळाला चार रबरी पाय ठोका, बोटभर उंचीचे. आणि गाडी वळणावर झुकली की बॉक्स सरकणार नाही असा पट्ट्याने बांधा, घाटातल्या नागमोडी रस्त्याला पंधरा किलोचा सुटा बॉक्स डिक्कीत ठेवणं धोक्याचं आहे.

गळती तपासायला उदबत्ती पुरते. वारा नसलेल्या खोलीत बॉक्सवर बूफर बसवून ३० हर्ट्झचा सलग स्वर हळू आवाजात लावा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून, टर्मिनलभोवती, बूफरच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर जातोय तोवर ठीक. जिथे तो थरथरून फाटतो तिथे फट आहे. पोर्टच्या तोंडाशी तो उडणारच, ती जागा सोडा.

हे सगळं करायचा काळ दिवाळीनंतरचा. तोपर्यंत हवा कोरडी झालेली असते आणि दुकानातल्या शीटही सुकलेल्या असतात. ऐन आषाढात, भिंतीला टेकून सादळलेली शीट आणून, तिच्यावर रंगाचे हात दिले तर आतलं पाणी आतच कोंडलं जातं. गणपतीला गाडी वाजली पाहिजे म्हणून घाई असेल तर शीट निदान आठवडाभर पंख्याखाली, खाली पट्ट्या देऊन आडवी ठेवा आणि मगच कापा.

ज्यांच्या गाडीत आधीच एमडीएफचा बॉक्स आहे त्यांनी तो फेकायची गरज नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात बॉक्स बाहेर काढा, बूफर उतरवा, दोन दिवस सावलीत वाळू द्या, तळाची कार्पेट सोलून कडा दाबून पाहा. कड अजून टणक असेल तर आतून-बाहेरून इपॉक्सीचे दोन हात द्या, पाय लावा, गंजलेले स्क्रू बदला. नख रुतत असेल तर तेवढी तळाची फळी मरीन प्लायची नवी घाला, बाकीचा बॉक्स चालेल. पुराचं पाणी वेगळं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला आलं तशा गाळाच्या पाण्यात बुडालेला एमडीएफचा बॉक्स वाळवत बसू नका, टाकून द्या. मरीन प्लायचा असेल तर गोड्या पाण्याने धुऊन, बूफर आणि टर्मिनल काढून, महिनाभर वाळवून, उदबत्ती फिरवून मग ठरवा.